तरुण बोक्याची म्हाताऱ्या मांजरीवर दादागिरी : उपाय सुचवावेत

कृष्णकमळ :
नमस्कार. आमच्या घरी दोन मांजरे आहेत. ठमी १३ वर्षांची असून आम्ही शनिवार पेठेतल्या वाड्यात राहत होतो तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. वाडा पाडल्यावर आम्ही सहकारनगरात टू बीएचके फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि ती पूर्णपणे घरातली मांजर झाली. बंड्या सव्वा वर्षाचा बोका आहे. गेल्या पावसाळ्यात तो पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली भिजत बसलेला सापडला. त्याची नसबंदी सहाव्या महिन्यात करून घेतली आहे. पिल्लू असताना ठमी त्याच्यावर फिस्कारत असे, तो मागे सरत असे आणि प्रकरण तिथेच मिटत असे.

गेल्या काही महिन्यांत मात्र चित्र उलटले आहे. आमचा लिटर ट्रे (मांजरांच्या शी-शूचा ट्रे) ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला आहे. ठमी तिथून बाहेर पडू लागली की बंड्या दाराआडून तिच्या मानेवर झेप घेतो. ती स्वयंपाकघराकडे निघाली की तो पॅसेजच्या मधोमध आडवा पसरतो आणि नुसता टक लावून पाहत राहतो. ती आल्या पावली परत फिरते. दिवसाचा बराचसा वेळ ती सासूबाईंच्या पलंगाखाली, बॅगांच्या मागे बसून असते आणि अलीकडे तिने त्यांच्या गादीवर दोनदा लघवी केली आहे. जखम अशी एकदाही झालेली नाही, त्यामुळे यजमानांच्या मते तो फक्त खेळतो आहे. सासूबाईंचे म्हणणे, बंड्याला सासवडकडच्या आमच्या शेतावर सोडून यावे. माझे मन दोन्हींना तयार नाही. ज्यांनी असा प्रसंग हाताळला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नदीकाठ :
ताई, हा खेळ नाही. खेळताना मांजरे बहुतेक वेळा गप्प असतात, नखे आत ठेवतात आणि मुख्य म्हणजे भूमिका बदलत राहतात. आता जो पाठलाग करत होता तोच थोड्या वेळाने पुढे पळताना दिसतो. तुमच्याकडे पाठलाग करणारा नेहमी एकच आहे आणि दडून बसणारीही नेहमी एकच आहे. जखमा नाहीत याचा अर्थ एवढाच की ठमी वेळेवर माघार घेते. वाटेत आडवे पडून टक लावणे हे आपल्याला आळसासारखे दिसते, पण मांजरांमध्ये ती उघड धमकी असते, आणि ठमीला ती बरोबर कळते आहे.

गादीवरच्या लघवीबद्दल तिला रागावू नये. जिथे जाताना मानेवर झेप पडते तिथे ती पुन्हा जाणार नाही, हे उघड आहे; शिवाय लघवीचाच काही आजार असू शकतो, म्हणून ते आधी तपासायला हवे. आणि शेताचा विचार कृपया सोडून द्यावा. फ्लॅटमध्ये आयते खाऊन वाढलेला बोका तिथली कुत्री, रस्ता आणि आधीपासून ठाण मांडून बसलेले बोके यांच्यापुढे टिकणे कठीण आहे. अगदीच वेळ आली तर त्याच्यासाठी दुसरे घर शोधता येते, पण तुम्ही त्या टप्प्याच्या बऱ्याच अलीकडे आहात.

काही गोष्टी विचारतो. ठमी पूर्वी जिथे उडी मारून बसत असे तिथे अजून बसते का? तिचे वजन कमी झाले आहे का? पाणी जास्त पिते का? आणि घरात ट्रे एकच आहे का?

जुना_पेठकर :
आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात एका वेळी पाच-सहा मांजरे असत. त्यांची भांडणे होत, रात्री-अपरात्री आरडाओरडा होई, दोन दिवसांनी सगळे आपोआप शांत होई. कोणी कोणाला समजावायला गेले नाही. मांजरांच्या भांडणात माणसाने पडू नये, त्यांचे ते बघून घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे. हल्ली आपण प्राण्यांचे फार मनावर घेतो.

नदीकाठ :
काका, वाड्यातली गोष्ट तुम्ही सांगता ती खरीच आहे, पण ती शांतता कशामुळे होत असे हे पाहायला हवे. वाड्याला कौले होती, माळा होता, मागचा बोळ होता, शेजारचा वाडा होता. ज्या मांजराचे पटत नसे ते उठून निघून जाई आणि दुसऱ्या सोप्यात बस्तान ठोकत असे. खायला तिथेही कोणीतरी घालतच होते. घरातले मांजर ज्या आफ्रिकी रानमांजरापासून आले ते एकटे शिकार करणारे जनावर आहे. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे, तो सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा मानतात. म्हणजे सहवास जुना आहे. पण कळपाने शिकार करणाऱ्या कुत्र्यासारखी भांडणानंतर समेट करण्याची रीत मांजरात फारशी विकसित झालेली नाही. मांजरांचा वाद मिटतो तो बहुधा अंतराने. ताईंच्या फ्लॅटमध्ये ते अंतर उपलब्ध नाही, एकच पॅसेज आहे आणि एकच ट्रे आहे. तिथे ‘त्यांचे ते बघून घेतील’ याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की ठमीने पलंगाखाली उरलेले आयुष्य काढावे.

जुना_पेठकर :
अंतराचा मुद्दा मान्य. बाकी आमची मांजरे फारशी म्हातारी होतच नसत, हेही खरे आहे.

पशुवैद्यक :
मी पुण्यात व्यवसाय करते. मांजरे हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे. मांजर न पाहता निदान करता येत नाही, तेव्हा पुढील मजकूर केवळ दिशा म्हणून वाचावा.

अशा तक्रारीत बहुतेक घरे तरुण मांजराला घेऊन येतात, आणि मी त्यांना आधी म्हातारे मांजर आणायला सांगते. मांजराचे दुखणे घरच्यांना फार उशिरा दिसते, कारण ते लंगडत नाही आणि ओरडतही नाही. ते फक्त उड्या मारणे कमी करते, जिना टाळते, पाठीकडचे केस चाटून साफ करणे सोडून देते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, त्यांपैकी ९० टक्के मांजरांच्या सांध्यांमध्ये झिजेच्या खुणा होत्या. सांधे दुखणारे मांजर हळू चालते, वळताना अडखळते आणि कोणी जवळ आले की आधीच फिस्कारते. तरुण बोक्याच्या दृष्टीने अशी हालचाल म्हणजे पाठलागाचे आमंत्रणच असते. त्यामुळे कित्येकदा म्हाताऱ्या मांजराच्या वेदनेवर उपचार झाले की तरुणाचा निम्मा उत्साह आपोआप ओसरतो.

ठमीच्या वयाला रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) आणि थायरॉइडच्या टी-४ या संप्रेरकाची पातळी पाहावी, लघवीची तपासणी करावी आणि रक्तदाब मोजून घ्यावा. क्रिएटिनिन १.६ ते २.८ या दरम्यान असेल तर तो मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा दुसरा टप्पा धरतात. या टप्प्यावर आहार आणि पाणी सांभाळले तर मांजर पुष्कळ काळ चांगले जगू शकते. रक्तदाब १६० च्या वर टिकून राहिला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊन दृष्टी अचानक जाऊ शकते, आणि नीट न दिसणारे मांजर घरात कसे बुजून राहते ते मी सांगायला नको. भूक भरपूर आणि वजन मात्र घटते आहे, असे असल्यास थायरॉइडचा संशय घ्यावा.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगते. माणसांचे वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्प्रभ करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात अतिशय दुबळी असते. त्याच कारणाने गादी किंवा फरशी फिनाइलने पुसू नये. लघवीच्या डागांसाठी विकरयुक्त (एन्झाइमचे) द्रावण मिळते, ते वापरावे. नाहीतर वास शिल्लक राहतो आणि मांजर पुन्हा तिथेच जाते.

आणखी एक. ठमी दवाखान्यातून परत येईल तेव्हा तिच्या अंगाला स्पिरिटचा, औषधांचा आणि परक्या प्राण्यांचा वास असेल. बंड्या तिला ओळखणार नाही आणि त्या दिवशीचा हल्ला सर्वांत वाईट असू शकतो. तिला तिच्याच वापरलेल्या चादरीत गुंडाळून आणावे आणि ती रात्र वेगळ्या खोलीत ठेवावे.

खिडकीतली :
मला वाटते की बंड्याला त्याच्या वयाचा जोडीदार आणला तर तो ठमीला सोडून त्याच्या मागे लागेल. आमच्याकडे असेच झाले आणि म्हातारीची सुटका झाली.

पशुवैद्यक :
कधी कधी तसे होते, हे मी पाहिले आहे. तेवढ्याच वेळा असेही होते की दोघे मिळून तिसरीला हैराण करतात. शिवाय नव्या पिल्लाबरोबर सर्दीचे आणि आतड्याचे विषाणू घरात येण्याची शक्यता असते, जी १३ वर्षांच्या मांजरीला परवडणारी नाही. ठमीची तपासणी आणि घराची फेरमांडणी होण्याआधी हा प्रयोग करू नये.

कृष्णकमळ :
सर्वांचे मनापासून आभार. ठमीला तपासून आणले. मागच्या दोन्ही पायांच्या खुब्यांत झीज आहे आणि क्रिएटिनिन २.१ आहे. थायरॉइड आणि रक्तदाब ठीक आहेत, लघवीत जंतुसंसर्ग नाही. डॉक्टरांनी मूत्रपिंडांचा विचार करून वेदनेचे औषध मोजून दिले आहे आणि मूत्रपिंडासाठीचे वेगळे खाणे सुरू केले आहे. उडीबद्दल विचारले होते : ती पूर्वी खिडकीच्या कट्ट्यावर बसत असे, ते हिवाळ्यापासून बंद झाले होते आणि आम्ही ते थंडीवर ढकलले होते.

तिला तूर्त सासूबाईंच्या खोलीत वेगळे ठेवले आहे. ट्रे, पाणी, खाणे सगळे तिथेच आहे. गंमत म्हणजे बंड्याला शेतावर पाठवणाऱ्या सासूबाई आता ठमीच्या ताटलीवर पहारा ठेवून असतात. पण खोलीचे दार कायमचे बंद ठेवता येणार नाही. पुढे काय करावे?

नदीकाठ :
आता या दोघांची नव्याने ओळख करून द्यायची आहे, जणू बंड्या आजच घरात आला आहे. यात घाई चालत नाही.

पहिला टप्पा वासाचा. एका स्वच्छ रुमालाने बंड्याचे गाल आणि हनुवटी पुसावी आणि तो रुमाल ठमीच्या खाण्याजवळ ठेवावा. तसाच ठमीचा रुमाल बंड्याकडे. मांजर गालांतल्या ग्रंथींचा वास वस्तूंना घासून ‘हे माझे’ अशी खूण करत असते, म्हणून गालच पुसायचे. रुमाल हुंगून दोघे शांतपणे खाऊ लागले की खोल्यांची अदलाबदल करावी : ठमी तासभर हॉलमध्ये, बंड्या आत. पॅसेज रिकामा असतानाही आपला असू शकतो, हे ठमीला त्यातून पुन्हा कळते. दुसऱ्या टप्प्यात बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणे ठेवावीत, आधी दूर, मग हळूहळू जवळ. तिसऱ्या टप्प्यात दिसणे सुरू करायचे, पण मध्ये जाळी हवी. जाळीपलीकडून बंड्याने खाणे सोडून टक लावली तर अंतर वाढवावे आणि तिथून पुन्हा पुढे यावे. सगळ्यात शेवटी जाळी उघडायची, आणि तीही बंड्या खेळून, खाऊन सुस्तावलेला असताना.

पाण्याचा फवारा मारणे, ओरडणे, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणे यांपैकी काहीही करू नये. बंड्याला त्यातून एवढेच समजेल की ठमी दिसली की काहीतरी वाईट घडते. झेप घेण्याच्या बेतात दिसला तर मध्ये एखादी उशी किंवा पुठ्ठा धरून त्याची नजर तोडावी. नजर तुटली की पुढचा हल्ला बहुधा होत नाही. प्रत्यक्ष मारामारीत हात घालू नये, मांजराचा चावा खोल जातो आणि बऱ्याचदा पिकतो.

सुतारपक्षी :
मी मांजरांतला जाणकार नाही, पण आमच्याकडे जाळीचे दार स्वतः केले आहे म्हणून लिहितो. डासांसाठी लावतात ती चुंबकाची किंवा वेल्क्रोची नायलॉन जाळी घेऊ नये. बोका ती एका रात्रीत फाडतो. सुताराकडून खोलीच्या चौकटीत बसेल असे हलके लाकडी दार करून त्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी खिळवून घ्यावी. चौकटीला बिजागऱ्या लावताना मूळ दाराला धक्का लागत नाही. जाळीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग सुरुवातीला जाड कापडाने झाकावा आणि कापड रोज थोडे थोडे वर गुंडाळत जावे, म्हणजे दिसणेही टप्प्याटप्प्याने होते.

ट्रेबद्दल : बाजारातल्या ट्रेच्या कडा उंच असतात. सांधे दुखणाऱ्या मांजरीसाठी मोठे प्लास्टिकचे पसरट टब आणून एका बाजूची कड तीन बोटे उरेल इतकी कापावी आणि कापलेली धार पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी. खिडकीच्या कट्ट्याखाली एक पायरी म्हणून आंब्याची रिकामी लाकडी पेटी उलटी ठेवून त्यावर पोते ठोकले तरी काम भागते. मजबूत असते आणि जुलैत कुठेही फुकट मिळते.

नदीकाठ :
उत्तम. त्यात जागेचे तेवढे जोडतो. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त असावा, म्हणजे तुमच्याकडे तीन. मात्र तिन्ही ओळीने ड्राय बाल्कनीत ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच ट्रे राहतो. ड्राय बाल्कनी हीच तुमच्या घरातली सर्वांत वाईट जागा आहे, कारण तिला दार एक आणि आत शिरल्यावर सुटायला वाट नाही. एक ट्रे सासूबाईंच्या खोलीत, एक हॉलच्या अशा कोपऱ्यात जिथून दोन दिशांना निघता येते. तिसरा असू द्या बाल्कनीत, तो बंड्या वापरेल. झाकणाचे ट्रे नकोत. खाण्याच्या जागाही वेगळ्या आणि एकमेकांना न दिसणाऱ्या हव्यात, विशेषतः ठमीचे खाणे आता वेगळे असल्यामुळे. पॅसेजमध्ये भिंतीलगत एक स्टूल आडवे ठेवले तरी बंड्याला संपूर्ण वाट अडवता येत नाही. ठमी खालून जाऊ शकते.

आणि बंड्याला काम द्या. सव्वा वर्षाचा बोका फ्लॅटमध्ये दिवसभर शिकारीशिवाय बसून आहे, घरात हलणारी एकमेव वस्तू ठमी आहे. खराट्याच्या हिराला दोरी आणि दोरीला पीस बांधून सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे त्याला खरोखर धापा टाकेपर्यंत पळवावे, शेवटी पीस पकडू द्यावे आणि लगेच जेवण द्यावे. शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप असा त्यांचा क्रम असतो; तो पूर्ण झाला की मांजर झोपते. लेझरच्या ठिपक्याने हे साधत नाही, कारण हाती काहीच लागत नाही आणि तो चिडलेला उत्साह ठमीवर निघतो.

खिडकीतली :
फेरोमोनचे (मांजरांना शांत करणाऱ्या गंधाचे) प्लगमध्ये लावायचे यंत्र मिळते, त्याचा उपयोग होतो का? महाग आहे म्हणून विचारते.

पशुवैद्यक :
काही मांजरांमध्ये ताण थोडा कमी झालेला दिसतो, काहींमध्ये काहीच फरक दिसत नाही. वरची मांडणी केलेली असेल तर जोडीला लावायला हरकत नाही. पैसे मर्यादित असतील तर आधी जाळीचे दार आणि जास्तीचे ट्रे घ्यावेत.

कृष्णकमळ :
जाळीचे दार बसले आहे. वासाचा आणि बंद दाराचा टप्पा सुरळीत पार पडला, जाळीतूनही दोघे खाऊ लागले. पण गेल्या आठवड्यापासून एक नवे कोडे आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास बंड्या अचानक बिथरतो, शेपटी पिंजारून जाळीवर धडका देतो. सकाळी हाच बोका जाळीपाशी शांत बसलेला असतो.

नदीकाठ :
तुमच्या जवळपास ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला आहे का? आमच्याकडे नदीपात्रातले सराव सुरू झाले की दरवर्षी दोन्ही मांजरांचे बिनसते. मांजराला जिथे राग काढता येत नाही तिथला राग ते हाताशी असलेल्या प्राण्यावर काढते. आवाज नसेल तर खिडकीबाहेर पाहा. कठड्यावर बाहेरचा बोका येऊन बसत असला तरी असेच होते.

कृष्णकमळ :
दोन्ही निघाले. मागच्या गल्लीत सराव आहेच, आणि एक मोठा पिवळा बोका संध्याकाळी आमच्या हॉलच्या खिडकीच्या छज्जावर येऊन बसतो. खिडकीच्या खालच्या काचांना दुधी कागद चिकटवला. सरावाच्या वेळात खिडक्या लावून पंखा मोठा करतो आणि जाळीचे दार न वापरता खोलीचे मूळ दार बंद ठेवतो. खेळाची वेळही सातच्या आधी घेतली आहे. धडका थांबल्या.

पशुवैद्यक :
योग्य केलेत. विसर्जनाच्या दिवशी आणि नंतर दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत हीच व्यवस्था ठेवावी. गणपतीत पाहुण्यांची ये-जा असेल तर ठमीच्या खोलीवर तशी सूचना चिकटवावी, कारण कोणीतरी दार उघडे टाकतेच. या काळात ठमीने पूर्ण दिवसभर काही खाल्ले नाही तर वाट न पाहता दवाखान्यात आणावे. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. बंड्या ट्रेमध्ये वारंवार बसतो आहे आणि लघवी होत नाही असे दिसले, तर मात्र रात्र असली तरी थांबू नये. तणावात बोक्यांची मूत्रनलिका अडू शकते आणि ते काही तासांचे प्रकरण असते.

कृष्णकमळ :
दिवाळी झाली, म्हणून सद्यस्थिती कळवते. जाळी आता दिवसभर उघडी असते. बंड्या अजूनही कधी कधी पॅसेजमध्ये पसरतो, ठमी स्टुलाखालून निघून जाते. एकदा तर जाता जाता तिने त्याला पंजा मारला आणि तो मागे सरकला. ती पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर बसते, पेटीवर पाय ठेवून. गादीवरची लघवी बंद आहे. एकमेकांना चाटतात, बिलगून झोपतात असे काही झालेले नाही.

नदीकाठ :
तशी अपेक्षाही ठेवू नये. एका खोलीत दोन कोपऱ्यांत दोघे निर्धास्त झोपत असतील तर तुमचे काम झाले. जाळीचे दार मात्र काढू नका. दवाखान्याच्या प्रत्येक फेरीनंतर ते लागेल.

कृष्णकमळ :
काढणार नाही. रात्री आणि आम्ही सगळे बाहेर असताना ते अजूनही लावतोच. ठमीची रक्ततपासणी पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. क्रिएटिनिनचा आकडा इथे लिहीन. सुतारपक्षी, तुमच्या जाळीच्या दाराला आतून कडी आहे की बाहेरून? आमची बाहेरून आहे आणि बंड्या ती पंज्याने उघडायला शिकला आहे.

सुतारपक्षी :
दोन्हीकडून. साधी कडी काढून टाका आणि दाराच्या अगदी वरच्या टोकाला टॉवर बोल्ट (सरकवायची कडी) बसवा, तिथे तो पोहोचत नाही.